मोजणींतून सुटलेलीं मुलें

वैद्यकीची पदवी पदरांत पडल्यावर आम्हीं सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास पतकरला, तेव्हां तो बेत आमच्या घरांत कोणालाच रुचला नाहीं. वडिलांनीं दवाखान्यासाठीं रस्त्यावरची एक खोली हेरून ठेवली होती. थोरल्या काकूंनीं तर सरळच विचारलें, "म्हणजे तूं रोग्याच्या नाडीला हात लावणारच नाहींस का रे?" या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांला देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर पहिले चार महिने वर्गांत बसून आम्ही स्वतःलाच तो प्रश्न विचारीत होतों. रोग्याच्या खाटेच्या जागीं आतां कोष्टकें आलीं होतीं, आणि आमचें गणित शाळेपासूनच बेताचें!

बालमृत्यूचें प्रमाण हे शब्द वाचकांनीं वर्तमानपत्रांत पाहिले असतील. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागें किती बालकें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावतात, तो हा आंकडा. भारतांत तो १९७१ सालीं १२९ होता, २०२० सालीं २८ वर आला. वाचून समाधान वाटतें. पण हा आंकडा येतो कोठून, याचा विचार आम्हीं तोंवर कधीं केला नव्हता. १९६९-७० पासून देशभर नमुना नोंदणीची एक पद्धति चालू आहे. निवडलेल्या गांवांत तेथीलच एखादा गणक, पुष्कळदां शाळामास्तर किंवा अंगणवाडीची सेविका, वर्षभर जन्ममृत्यु टिपून ठेवतो. दर सहा महिन्यांनीं बाहेरचा पर्यवेक्षक येऊन घरोघर फिरतो व आपली स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहावयाच्या. एकींत आहे आणि दुसरींत नाहीं अशी नोंद आढळली, कीं पुन्हां त्या घराची पायरी चढावयाची. ज्यांच्या घरांत कोणी जुना हिशेबनीस होऊन गेला असेल, त्यांना या रीतीचें मर्म वेगळें सांगावयास नको.

अभ्यासाच्या अखेरीस आम्हांलाहि असेंच घरें फिरण्यासाठीं विदर्भांतील एका खेड्यांत धाडण्यांत आलें. तेथें एका घरीं ओसरीवर बसलेल्या आजीबाईंनीं सांगितलें, कीं सुनेचें पहिलें मूल मेलेलेंच उपजलें. आम्हीं तसें लिहून घेतलें व उठूं लागलों. आमच्याबरोबर त्याच गांवची एक परिचारिका होती. ती म्हणाली, "जरा थांबा, दादा." ती आंत माजघरांत गेली आणि तिनें सुनेला एवढेंच विचारलें, "बाळ रडलें होतें का ग?"

उत्तर यावयास बराच वेळ लागला. "रडलें होतें. दोन दिवस रडत होतें. मग दूध ओढेनासें झालें."

तें मूल मेलेलें उपजलें नव्हतें. श्वास घेऊन, दोन दिवस जगून गेलें होतें. आमच्या एका शब्दानें तें जन्माच्याहि गणनेंतून जात होतें आणि मृत्यूच्याहि. आजीबाई खोटें बोलल्या असें आम्हांला आजहि वाटत नाहीं. बारशापूर्वींच गेलेल्या जिवाला नांव नसतें. बिननांवाची आठवण कोणी काढीत नाहीं, आणि सुनेच्या दुःखावरची खपली परक्या माणसापुढें कां काढावी, हाहि विचार त्यांत असेल.

मात्र 'दूध ओढेनासें झालें' हे शब्द वैद्याला पुष्कळ कांहीं सांगतात. नवजात बालकाला जंतुदोष झाल्याची जीं लक्षणें, त्यांतलें हें एक. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्यानें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें आमच्याच विषयाचा अभ्यास केला आणि परत येऊन गडचिरोली जिल्ह्यांत काम मांडलें. मुलें कशानें दगावतात हें कळावें म्हणून त्यांनीं आधीं दगावणारीं मुलें नीट मोजलीं. मग खेड्यांतल्या बायकांनाच तीं लक्षणें ओळखावयास व औषध द्यावयास शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, ३९ खेड्यांतील नवजातांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटलेले दिसले. आम्हीं हें वर्गांत वाचलें होतें, परीक्षेंत लिहिलेंहि होतें. समजलें तें त्या माजघराच्या दाराशीं.

दिवाळींत घरीं आलों. काकू तांदूळ निवडीत बसल्या होत्या. नाडी सोडून तिकडे काय केलेंस, असें त्यांनीं विचारलें, म्हणून त्यांना ही हकीकत सांगितली. काकूंचीं मुलें पांच, हें आमच्या घरांत प्रत्येकाला ठाऊक. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग सुपांतला खडा बाजूला टाकीत म्हणाल्या, "माझीं सहा. तुझ्या नानाच्या आधीं एक मुलगी होती, चार दिवसांची. चांगली रडायची."

झोपाळ्यावर काका वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. पण पानहि उलटलें नाहीं.