विश्लेषण : ‘बग फिक्स आणि सुरक्षा सुधारणा’ एवढेच सांगणाऱ्या अपडेटने आयफोन हळू कसे झाले?

फोनवर छोटे अपडेट आले की सोबत बहुतेक वेळा एकच ओळ असते : बग दूर केले, सुरक्षा सुधारली. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आणलेल्या आयओएस १०.२.१ ची ओळखही एवढीच होती. नवे फीचर नाही, नवे इमोजी नाहीत. पण याच अपडेटने जुन्या आयफोनच्या वेगाला लगाम घातला आणि ग्राहकांना ते कळायला जवळपास वर्ष लागले.

मूळ बिघाड काय होता?

आयफोन ६ आणि ६एस बॅटरी शिल्लक असतानाही अचानक बंद पडत होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी गेम किंवा कॅमेरा सुरू केल्यावर प्रोसेसरने क्षणभर जास्त वीज मागितली, की व्होल्टेज एकदम खाली येते आणि आतले सर्किट वाचवण्यासाठी फोन बंद होतो. थंडीत हे अधिक घडते. अ‍ॅपलने प्रोसेसरचा कमाल वेगच कमी केला, म्हणजे एवढी वीज मागितलीच जाणार नाही. ६एस बंद पडण्याचे प्रकार ८० टक्क्यांहून अधिक घटले, असे कंपनीने फेब्रुवारीत सांगितले. उपाय म्हणून यात चूक नव्हती. ऐन वेळी बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा फोन बरा. पण वेग कमी झाल्याचे मात्र कंपनीने सांगितले नाही.

हे उघड कसे झाले?

बॅटरी बदलताच फोन पुन्हा वेगवान झाल्याचे एका ग्राहकाने डिसेंबर २०१७ मध्ये रेडिटवर लिहिले. त्यानंतर ‘गीकबेंच’ हे वेगचाचणी अ‍ॅप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी वेगवेगळ्या आयओएसवरील आकडे शेजारी ठेवले आणि फरक स्पष्ट दिसला. कंपनीने कबुली दिली, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. २०२० मध्ये ग्राहकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला.

मग अपडेट टाळायचे का?

खरी गोम इथेच आहे. याच अपडेटमध्ये कर्नल, म्हणजे फोनच्या कार्यप्रणालीचा गाभा, आणि सफारीमागील वेबकिट यांतील सुरक्षा त्रुटीही बुजवल्या होत्या. त्यातील एका कर्नल त्रुटीमुळे एखादे अ‍ॅप थेट गाभ्याचे अधिकार मिळवू शकत होते. वेग वाचवण्यासाठी अपडेट नाकारणाऱ्याच्या फोनमध्ये ही भगदाडे तशीच राहिली. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली की त्रुटी कुठे होती, हे हल्लेखोरांनाही कळते.

या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या त्या मार्च २०१८ मध्ये, आयओएस ११.३ आल्यावर. सेटिंग्जमध्ये बॅटरीची स्थिती दिसू लागली आणि वेगमर्यादा बंद करण्याची सोय मिळाली. मात्र ती बंद केल्यावर फोन पुन्हा अचानक बंद पडला, तर मर्यादा आपोआप परत लागू होते.