अद्भुतरम्य कादंबरी आणि घरचे दुःख

नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीत राजपुत्र आहे, राजकन्या आहे आणि आकाशात उडणारे विमानही आहे. अशा कथेस अद्भुतरम्य म्हणतात. विमान कशाला? प्रस्तावनेत रिसबुडांनीच कारण दिले आहे: आपल्या विवाहाच्या चालीमुळे रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही सापडत नाही. चालीबद्दलचे म्हणणे आम्हांस पटते; लग्न बालपणीच उरकल्यावर प्रेमाला जमिनीवर जागा कुठली? पण काही सापडत नाही, हे पटत नाही. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांचे दुःख घरोघरी पाहिलेच होते. श्रोतेहो, आपल्या तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेतही चमत्कार आहे. पण त्याचे पाय चिखलात आहेत. अद्भुत जरूर वाचावे. मात्र विमान कोणाच्या दारावरून उडत गेले, तेही पाहावे.