चौकोनी ठोकळ्यांची गोल एअरशिप

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, मुलं दुपारभर घरात अडकतात आणि प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा बाहेर निघतो. घर, ट्रक सहज होतात. कस लागतो तो एअरशिपला. तिचं पोट गोल आणि ठोकळे चौकोनी. एकावर एक रचत गेलं की पायऱ्याच दिसतात.

त्यासाठी आधी आतला गाभा बांधायचा. बाजूलाही खुंट्या असलेले ठोकळे त्यात वापरले, की गाभ्याच्या चारही अंगांना खुंट्या येतात. मग उताराचे आणि वक्र तुकडे जोडून चार कवचं वेगळी तयार करायची आणि वर, खाली, दोन्ही बाजूंना बसवायची. हे जुळतं एका सुंदर हिशेबामुळे. लेगोच्या दोन शेजारच्या खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, पातळ पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर. पाच पट्ट्या एकीवर एक बसवल्या की १६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दोन खुंट्यांची रुंदी. त्यामुळे आडवा केलेला थर उभ्या थराला फट न ठेवता भिडतो. टोक निमुळतं करायला दोन खुंट्यांच्या रुंदीची, पण मधोमध एकच खुंटी असलेली पट्टी घ्यावी. वरचा तुकडा अर्ध्या खुंटीच्या रुंदीइतका, ४ मिलिमीटर सरकतो.

काही खऱ्या एअरशिपचाही असाच सांगाडा असे. ब्रिटनच्या आर-१०१ मध्ये धातूची कडी आणि लांब तुळया होत्या, वर कापड, आत हायड्रोजनच्या पिशव्या. भारतापर्यंतच्या प्रवासाला तिची उचलशक्ती कमी पडत होती, म्हणून १९३० मध्ये तिचं पोट मधोमध तोडून एक जादा कप्पा घातला. लांबी झाली सुमारे २३७ मीटर. ती निघाली होती कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, आपल्या खानदेशासारखं. ५ ऑक्टोबर १९३० रोजी ती फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली आणि ४८ जणांचा जीव गेला.

उष्ण प्रदेशात एअरशिपपुढे आणखी एक अडचण असते. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना तेवढ्याच आकाराची एअरशिप सुमारे एक दशांश कमी वजन उचलते.

उचल वाढवायची तर पोट वाढवावं लागतं, म्हणून मुलांना एक काम जरूर द्या. पोट तीन सुट्या भागांत बांधायला सांगा आणि नंतर चौथा भाग मध्ये घालायला लावा. दोन्हीकडच्या खुंट्या जुळवताना आर-१०१ च्या अभियंत्यांपुढचा प्रश्न त्यांना हातानेच कळेल.