जुन्या जीपचे इंजिन खोलण्याआधी

दारातली जुनी पेट्रोल जीप निळा धूर सोडू लागली, चढाला दम टाकू लागली, की आपण लगेच पाने घेऊन इंजिन खोलायला बसतो. जरा थांबा.

आधी इंजिन गरम करून बंद करा. कॉइलची तार सोडवा, चारही स्पार्क प्लग काढा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजा. घरातल्या मुलामुलींना आकडे वहीत लिहायला सांगा. ज्याचा दाब कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब चांगला वाढला, तर रिंग किंवा बोअर झिजले. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट गळते. त्यासाठी पिस्टन आणि क्रँक काढण्याचा खर्च कशाला?

सारे खोलावेच लागले, तर प्रत्येक पिस्टन, रॉड आणि रॉडच्या कॅपवर १ ते ४ अशी खूण करा. कॅपची अदलाबदल झाली, तर बेअरिंग जळते आणि क्रँकही हातचा जातो. बोअर करण्याचे काम मात्र वर्कशॉपलाच द्या. धुणे, मोजणे, जुळवणे घरी सहज जमते.