शत्रुवैविध्य आणि योद्ध्याची घडण : महानायक-खेळ व पंडवानी यांचा तौलनिक विचार

महानायकांवर आधारलेले ऑनलाइन खेळ हा तौलनिक साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न अनेकदा उपस्थित केला जातो. या खेळांतील कथाभाग बहुधा बेताचाच असतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु कथन शोधावयाचे ते संवादांत की नियमांत, हे आधी ठरवावे लागते. शत्रू कोणत्या नियमाने लढतो यातच या खेळांतील कथनाचा गाभा असतो, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ आणि छत्तीसगढची पंडवानी ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ अमेरिकेत एप्रिल २००४ मध्ये सुरू झाला. त्यात खेळाडू आपला नायक स्वतः घडवीत असे. या घडणीला खेळाडूंच्या परिभाषेत ‘बिल्ड’ म्हणतात. पन्नासाव्या, म्हणजे अखेरच्या पातळीपर्यंत २४ शक्ती निवडता येत. प्रत्येक शक्तीला बळकटी देण्यासाठी एक जागा मूळचीच असे आणि आणखी पाच जोडता येत. म्हणजे सर्व शक्ती परिपूर्ण करावयाच्या तर १२० जागा हव्यात. मिळत मात्र ६७. परिणामी प्रत्येक नायक कोठे ना कोठे उणा राही. ही उणीव रचनेतच योजलेली होती.

तिला अर्थ येई तो शत्रूंच्या वैविध्यामुळे. ‘व्हाझिलोक’ टोळीतील शिवलेली प्रेते विषाने मारा करीत, आणि अनेक कवचांपाशी विषावर उतारा नसे. ‘फ्रीकशो’तील काही योद्धे पडल्यावर पुन्हा उठत. ‘नेमेसिस’च्या सैन्यात दुय्यम अधिकारी पडला की त्याचे साथीदार सूडाने अधिक बलवान होत, म्हणून कोणाला कोणत्या क्रमाने मारावे याचा विचार करावा लागे. ‘माल्टा’चा ‘सॅपर’ तर नायकाचा दमच शोषून घेई; दम संपला की अभेद्य वाटणारे कवचही गळून पडे. अशा वेळी सॅपरला जखडून ठेवणारा साथीदार लागे. एकट्याचे अपुरेपण आणि त्यातून निर्माण होणारी सोबतीची गरज हा या कथनाचा आशय होय. तो कोणत्याही पात्राच्या तोंडी घातलेला नाही; शत्रूच्या नियमांतून तो प्रकट होतो.

रायपूरच्या सदर बाजारातील सराफी पेढीवर सोन्याचा कस पाहण्यास एक कसोटीचा दगड पुरतो, कारण तेथे एकच गुण तपासावयाचा असतो. पराक्रमाचे तसे नाही. त्याला अनेक कसोट्या लागतात. ज्या प्रदेशाची रायपूर ही राजधानी, त्याच प्रदेशातील पंडवानीने हे जाणले आहे. झाडूराम देवांगन व तीजनबाई यांच्यासारख्या कलावंतांमुळे सर्वदूर पोहोचलेल्या या महाभारतगायनात भीम हा प्रमुख नायक मानला जातो. भीमाची घडण एकाच गुणाची आहे : बळ. तरीही त्याच्या कथा एकसुरी होत नाहीत, कारण त्याचे शत्रू वेगवेगळे आहेत. बकासुराकडे तो गाडाभर अन्न घेऊन जातो आणि ते स्वतःच खाऊन त्याला डिवचतो. कीचकासाठी त्याला काळोख्या नृत्यशाळेत दबा धरून बसावे लागते. दोन शकले सांधून झालेल्या जरासंधाला लोककथनात उभा चिरून शकले उलटसुलट दिशांना फेकावी लागतात, आणि ही युक्ती भीमाला कृष्णाकडून कळते. नायक तोच राहतो. शत्रू बदलला की प्रसंगाचा रस बदलतो.

शत्रूच्या जागी दुसरा खेळाडू आला की मात्र ही व्यवस्था पालटते. ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये मे २००५ मध्ये द्वंद्वाचे आखाडे आले. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ ही खलनायकांची जोडआवृत्ती निघाली आणि नायक-खलनायक परस्परांशी लढू शकतील असे विभाग खुले झाले. लेखकाने योजलेल्या शत्रूचा नियम ठरलेला असतो. मानवी प्रतिस्पर्धी आपली उणीव हेरून स्वतःची घडण बदलतो. लपून एकच प्राणघातक वार करणारा ‘स्टॉकर’ समोर असताना इतर शत्रूंसाठी घडविलेला नायक तोकडा पडे. म्हणून द्वंद्वासाठी स्वतंत्र घडण करणे भाग पडले. डिसेंबर २००८ पासून एकाच पात्राला दोन घडणी ठेवण्याची मुभा मिळाली, ती या दुभंगाची जणू अधिकृत मान्यताच होती.

महाभारतातही असे एक द्वंद्व आहे. भीम आणि दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य, दोघांचे शस्त्र गदा. भीम बळाने अधिक, दुर्योधन कौशल्याने अधिक, असे कृष्णच सांगतो. दुर्योधनाने तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर सराव केला होता. एकाच प्रतिस्पर्ध्यासाठी केलेली घडण याहून वेगळी ती काय? अशी घडण न्याय्य मार्गाने भेदता येत नाही, तेव्हा नियमच मोडतो : भीम कमरेखाली, मांडीवर प्रहार करतो.

येथे दोन्ही कथनप्रकार वेगळे होतात. द्वंद्वातील असमतोल दूर करण्यासाठी खेळाच्या निर्मात्यांनी त्याच डिसेंबर २००८ मध्ये नियम बदलले : द्वंद्वात पळण्या-उडण्याच्या वेगावर बंधन आले, रोगनिवारक शक्ती क्षीण झाल्या. जुना नियम नाहीसा झाला आणि त्यावर बेतलेल्या घडणी निरर्थक ठरल्या. महाकाव्य असे करीत नाही. बलरामाचा संताप, भीमावर उगारलेला नांगर आणि विजयावर पडलेला डाग हे सारे ते जपून ठेवते. नियमभंगाची स्मृती हाच तेथे नैतिक आशय होतो.

म्हणूनच या खेळांच्या अभ्यासात पाठचिकित्सा अनिवार्य ठरते. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद पडला. २०१९ मध्ये चाहत्यांचे सर्व्हर उजेडात आले, आणि त्यांपैकी ‘होमकमिंग’ला जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचा परवाना मिळाला. २००५ चे द्वंद्व आणि २००९ चे द्वंद्व हे एकाच कृतीचे दोन भिन्न पाठ होत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपांत टिकून राहिले. खेळांच्या नियमांना असा आधार नाही. कोणत्या वर्षीचा भीम आणि कोणत्या वर्षीची गदा, हे नोंदविल्यावाचून त्यांच्याविषयी केलेले कोणतेही विधान अपुरेच राहील.