सोयाबीनचे तण औषधाला दाद देत नाही तेव्हा

नागपूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या, कळमन्यात सोयाबीन घेणाऱ्या आणि डवऱ्याची पास घडविणाऱ्या आमच्या वाचकांशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. एकच तणनाशक दरवर्षी फवारले की त्याला दाद न देणारी थोडी रोपे जगतात, बी टाकतात आणि काही हंगामांत शेत त्यांचेच होते. हरियाणात १९९० च्या दशकात गव्हातील गुल्ली-डंडा गवत आयसोप्रोट्यूरॉनला असेच सरावले.

सोयाबीनमध्ये फसगत होते ती नावांची. इमॅझेथापायर, क्लोरीम्युरॉन, डायक्लोसुलम यांचे डबे वेगळे, पण तिन्ही औषधे तणातील एकाच विकरावर घाव घालतात. डबा बदलल्याने औषध बदलत नाही. उगवणीपूर्वीचे पेंडीमिथॅलीन आणि उभ्या पिकातील गवतासाठीचे क्विझालोफॉप यांचे गट मात्र निराळे आहेत. गेल्या वर्षी काय फवारले, एवढे तरी दुकानदाराने गिऱ्हाइकाला विचारावे. अर्थात केना मेला नाही म्हणून घाबरू नये. तो मुळातच चिवट, आणि उशिरा फवारल्यास साधे तणही वाचते.

पहिले ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे. डवऱ्याच्या पाशीपुढे कोणत्याही तणाची मात्रा चालत नाही, तेव्हा लोहारकाम करणाऱ्या भावांना येथे काम आहे. ओळीतले तण मात्र बी धरण्याआधी हातानेच उपटावे लागते, मग मजुरी कितीही लागो.

हिरव्या तणासकट मळलेला माल ओला व काडीकचऱ्याचा येतो आणि भाव तुटतो. मळणीयंत्र भाड्याने देणाऱ्यांनी ते दर शेतानंतर झाडून घ्यावे, कारण तणाचे बी त्यातूनच पुढच्या शेतात जाते.