कुत्र्याच्या पिलातील आनुवंशिक सांधेदोष व पैदासकाराची जबाबदारी

लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात भरणारी खंडोबाची यात्रा नांदेड-लातूर भागातील पशुपालकांस सुपरिचित आहे. या यात्रेत घोड्यांच्या व इतर जनावरांच्या बाजाराबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या सान्निध्यात कुत्र्यास मान आहे आणि शेतकऱ्याच्या आखाड्यावरही त्याची जागा ठरलेली आहे. देगलूर तालुक्याची सीमा एकीकडे तेलंगणास व दुसरीकडे कर्नाटकास भिडलेली आहे. या भागात धनगराच्या मेंढवाड्यापासून मोसंबीच्या बागेपर्यंत राखण कुत्राच करतो. पूर्वी हे कुत्रे गावातच निपजत असे व शेजाऱ्याकडून शेजाऱ्यास मिळत असे. अलीकडे मात्र अल्सेशियन, लॅब्रॅडोर, रॉटवायलर अशा भारी जातींची पिले शहरातून हजारो रुपये मोजून आणण्याचा प्रघात पडला आहे. गावातही काही तरुण जातिवंत मादी पाळून तिच्या पिलांची विक्री करू लागले आहेत. हा जोडधंदा वाईट नाही. परंतु जीव विकणाऱ्यावर जी जबाबदारी येते, तिची जाणीव धंद्याबरोबर वाढली पाहिजे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने दोन महिन्यांचे अल्सेशियन पिलू आणले. पिलू गुटगुटीत, खेळकर, अंगावर चमक असलेले. सहाव्या-सातव्या महिन्यात ते बसल्या जागेवरून उठताना अडखळू लागले. धावताना दोन्ही मागचे पाय सशाप्रमाणे एकदम उचलू लागले. ओट्यावर चढावयास कचरू लागले. पशुवैद्यकाने क्ष-किरण चित्र काढून खुब्याच्या सांध्याचा दोष असल्याचे सांगितले. शेतकरी विक्रेत्याकडे गेला, तेव्हा 'तुम्ही नीट खाऊ घातले नसेल' असे उत्तर मिळाले. अशा वेळी खरे काय व न्याय काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोषाचे स्वरूप

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत घट्ट बसलेला असतो. त्यामुळे पाय सुलभपणे फिरतो. काही पिलांत वाटी उथळ राहते व सांध्याची बंधने सैल असतात. माथा वाटीत हलत राहतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. जन्मतः पिलू निर्दोष दिसते. दोष वाढीच्या काळात प्रकट होतो. लक्षणे बहुधा चौथ्या महिन्यापासून वर्षाच्या आत दिसू लागतात. काही जनावरांत ती उतारवयातच कळतात. भारी व झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हा दोष अधिक आढळतो. त्याच जातींत कोपराच्या सांध्याचाही आनुवंशिक दोष असतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष दिसतो. दख्खनच्या पठारावरील कारवानसारख्या सडपातळ, धावणाऱ्या कुत्र्यांच्या प्रकारात खुब्याचा दोष विरळा होय. ज्याला धावता येत नाही, त्याची पैदास कोणी पुढे चालवली नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

खाण तशी माती, पण सर्वस्वी नव्हे

हा दोष एकाच गुणसूत्रबीजामुळे उद्भवत नाही. अनेक बीजांचा मिळून तो परिणाम असतो. म्हणून आई-बाप दोघेही निर्दोष दिसत असता त्यांच्या वेतात एखादे सदोष पिलू निपजू शकते. मात्र सदोष जोडीपासून सदोष पिले होण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो.

रक्ताबरोबर आहाराचाही वाटा आहे. अमेरिकेत लॅब्रॅडोरच्या ४८ पिलांच्या जोड्या लावून एक दीर्घ प्रयोग करण्यात आला. प्रत्येक जोडीतील एका पिलास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी आहार आठव्या आठवड्यापासून देण्यात आला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोजका आहार मिळालेल्या पिलांत खुब्याचा दोष कमी आढळला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचे मध्यम आयुष्य १३.० वर्षे, तर भरपूर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. पिलू गलेलठ्ठ करणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. सांध्यांच्या दृष्टीने ते हितावह नाही. भारी जातीच्या पिलास पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून कॅल्शियमची जादा मात्रा देणेही घातक ठरते.

यावरून विक्रेत्याचे 'खाऊ घातले नसेल' हे उत्तर किती लंगडे आहे, ते कळून येईल. अयोग्य आहाराने दोष वाढतो, हे खरे. परंतु त्याचे बीज वंशात असते आणि वंशाची निवड पैदासकाराच्या हाती असते.

जोडी लावण्यापूर्वी

लाल कंधारी किंवा देवणी गाय फळवताना जाणता शेतकरी वळूचे पाय, खूर व चाल पाहूनच त्यास पसंत करतो. शासनाने गोठित रेतमात्रांसाठी ठरविलेल्या मानकांतही वळूंची ठराविक आनुवंशिक रोगांसाठी तपासणी आवश्यक मानली आहे. कुत्र्यांच्या बाबतीत हाच नियम लावावयाचा आहे.

नर व मादी यांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र पूर्ण वाढीनंतर, म्हणजे दोन वर्षांच्या सुमारास, काढून घ्यावे. अमेरिकेत १९६६ साली याच कार्यासाठी संस्था स्थापन झाली व ती २४ महिन्यांनंतरच अखेरचा दाखला देते. ब्रिटनमध्ये १९६५ पासून अशी योजना चालू असून तेथे दोन्ही खुब्यांस मिळून ० ते १०६ असे गुण दिले जातात. गुण जितके कमी, तितका सांधा चांगला. आपल्या भागात उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; तपासणी कोठे व कशी करून घ्यावी, याचा सल्ला तेथील तज्ज्ञांकडून घ्यावा.

केवळ जोडी पाहून भागत नाही. तिची सख्खी भावंडे व आधीच्या वेतातील पिले कशी निघाली, याची चौकशी करावी. बहीण-भाऊ किंवा आई-मुलगा अशी जवळच्या नात्यातील जोडी लावू नये. दोष सिद्ध झालेले जनावर दिसावयास कितीही देखणे असले, प्रदर्शनात त्याने बक्षीस मिळविले असले, तरी त्यापासून वंश वाढवू नये.

विक्रीच्या वेळी

पैदासकाराने प्रत्येक वेताची वही ठेवावी. आई-बापांची नोंद, जन्मतारीख, पिलांची संख्या, लसीकरण आणि प्रत्येक पिलू कोणाकडे गेले, हे तीत असावे. विक्रीची पावती द्यावी. आनुवंशिक दोष ठराविक मुदतीत निघाल्यास काय केले जाईल, हे त्या पावतीवरच लिहावे. इसार घेताना तोंडी दिलेला शब्द सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळा आठवतो.

दोष दिसून आल्यावर

दोष निपजणे हा अपराध नव्हे. तो जाणूनबुजून झाकणे हा अपराध होय. खरेदीदाराची तक्रार येताच पैदासकाराने पशुवैद्यकाचा अहवाल पाहावा व त्याचा निर्णय मानावा. मूल्य परत करणे, अथवा उपचाराच्या खर्चाचा वाटा उचलणे, यांपैकी जे ठरले असेल ते निमूटपणे पार पाडावे.

'हे परत द्या, दुसरे घेऊन जा' अशी तोड पुष्कळदा सुचविली जाते. वरवर ती रास्त वाटते. परंतु सहा महिने घरात वावरलेल्या पिलाचा लळा मुलाबाळांस लागलेला असतो. शिवाय परत गेलेले पिलू दुसऱ्या अजाण माणसास विकले जाण्याचा अथवा पैदाशीस लावले जाण्याचा धोका असतो. म्हणून पिलू परत घेतल्यास त्याचे निर्बीजीकरण करून त्यास पोसण्याची हमी पैदासकाराने द्यावी. पिलू मालकाकडेच राहणार असल्यास भरपाई द्यावी.

याहूनही मोठे कर्तव्य पुढे आहे. वही उघडून त्याच वेतातील इतर पिलांच्या मालकांस कळवावे, म्हणजे ते वेळीच तपासणी करतील व आहार आटोक्यात ठेवतील. ती जोडी पुन्हा लावू नये. यात एका वेताचे उत्पन्न बुडते, पण पुढील दहा घरांचा मनस्ताप टळतो.

कायद्याची बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली श्वान-पैदास व विक्रीविषयी २०१७ साली नियम करण्यात आले आहेत. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. १८ महिन्यांखालील मादीस पैदाशीस लावता येत नाही, तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही.

मोबदला देऊन स्वतःसाठी पिलू घेणाऱ्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पावती, लसीकरणपत्र, पशुवैद्यकाचा अहवाल व क्ष-किरण चित्र जपून ठेवल्यावाचून दाव्यास बळ येत नाही.

खरेदीदाराचेही कर्तव्य

प्रत्येक लंगडणे आनुवंशिक नसते. मार, मुडदूस व गोचिडांमुळे होणारा ताप यांमुळेही पिलू लंगडते. निदान होण्यापूर्वी पैदासकाराच्या नावाने बोभाटा करू नये. पिलू घेण्यापूर्वी आईस प्रत्यक्ष पाहावे, तिला चालवून पाहावे, आई-बापांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. पिलास गुळगुळीत फरशीवर वाढवू नये. मातीच्या अंगणात मोकळे खेळू द्यावे, परंतु लहान वयात सायकलीमागे पळवू नये. दोष निघालाच, तरी वजन आटोक्यात ठेवून, बेताचा व्यायाम व वैद्यकाने दिलेले औषध यांच्या साहाय्याने अनेक कुत्री पुष्कळ वर्षे सुखाने जगतात. काहींस शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. लंगडे झाले म्हणून त्यास दूर रस्त्यावर नेऊन सोडणे हे निर्दयपणाचे आहे.

पशुधन पर्यवेक्षक व इतर ग्राम-कार्यकर्त्यांनी गावात कुत्र्यांची पैदास करणारांस एकत्र बोलावून वही व पावती ठेवण्याची पद्धत समजावून द्यावी आणि नोंदणीसाठी साहाय्य करावे. माळेगावच्या यात्रेसारख्या प्रसंगी श्वान पाहावयास येणाऱ्यांस कुत्र्याच्या रुबाबाबरोबर त्याच्या चालीकडेही लक्ष देण्यास शिकवावे. ज्याच्या घरचे पिलू आठ वर्षांनीही आखाड्याभोवती ताठ पायांनी फेरी घालते, त्याच पैदासकाराचे नाव पंचक्रोशीत टिकते.